मॅचच्या वेळी नेट अडकतं, आणि लाईन तर अर्धी रिकामी असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात बातमी होती की आयपीएल सुरू झालं की संध्याकाळी साडेसातनंतर गावोगावचं केबलचं इंटरनेट अडकायला लागतं, आणि कारण म्हणून सरळ लिहून टाकलंय की केबलवाले बँडविड्थ कमी घेतात आणि गिऱ्हाईकं जास्त जोडतात. आता हे खोटं आहे असं मी म्हणत नाही, असे केबलवाले आहेत, त्यातले काही माझ्या ओळखीचेच आहेत. पण मी सांगली-कोल्हापूर भागातल्या छोट्या इंटरनेटवाल्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळायचं काम करते आणि मला जे दिसतं ते असं की बऱ्याच ठिकाणी अपलिंक, म्हणजे ऑपरेटरला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी लाईन, अर्धीसुद्धा भरलेली नसते आणि तरी गिऱ्हाईकाचं नेट रडत असतं, कारण पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे छोटे तुकडे, लाईनवर पडत (हरवत) नाहीत, ऑपरेटरच्या खोलीतल्या त्या एका बॉक्समध्ये पडतात. बातमी वाचून लोक ऑपरेटरला शिव्या देणार, ऑपरेटर घाबरून अजून एक १० गिगची अपलिंक घेणार, आणि पुढच्या मॅचला पुन्हा तेच. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, छापायला कापलं तरी चालेल पण आकडे कापू नका.

आधी हा बॉक्स काय करतो ते सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुमच्या घरातल्या फायबरच्या डबीतून पॅकेट निघालं की ते ओएलटीवर, म्हणजे घराघरातल्या फायबर जिथे येतात त्या ऑपरेटरच्या मशीनवर, जातं, तिथून स्विच, तिथून लिनक्सचा एक सर्व्हर, आणि तिथून अपलिंक. हा सर्व्हर तीन कामं करतो, एक म्हणजे पीपीपीओई, म्हणजे राऊटरमध्ये जे युजरनेम पासवर्ड टाकतो ना त्याचं लॉगिन आणि त्यानंतर प्रत्येक पॅकेटवरचं ते आवरण काढणं-घालणं, दुसरं प्लॅनप्रमाणे स्पीड आवळणं, आणि तिसरं नॅट, म्हणजे हजारो घरं मोजक्या पब्लिक आयपी पत्त्यांवर बसवणं. मोठ्या कंपन्या यासाठी वेगळं महागडं मशीन घेतात, आपल्याकडे तालुक्याच्या गावात एक बरा सर्व्हर, त्यात दोन पोर्टचं १० गिगचं कार्ड, आणि झालं. त्यात वाईट काही नाही, लिनक्सला हे नीट जमतं, फक्त त्याला नीट सांगावं लागतं.

आता गिगाबिटचा आकडा सगळे बोलतात पण सर्व्हरला गिगाबिट मोजून काम नसतं, त्याला पॅकेट मोजून काम असतं. १५०० बाइटचं मोठं पॅकेट असेल तर १० गिगच्या लाईनवर सेकंदाला साधारण ८ लाख १२ हजार पॅकेट बसतात, म्हणजे एका पॅकेटला १.२ मायक्रोसेकंद मिळतो. तेच सगळ्यात छोटं ६४ बाइटचं पॅकेट धरलं तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार, आणि एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ६७ नॅनोसेकंदात जेमतेम दोनशे क्लॉक सायकल (कामाचे ठोके) मिळतात, आणि रॅममधून एकदा काही आणायचं म्हटलं तरी शंभरेक नॅनोसेकंद लागू शकतात. म्हणजे ४ गिगचा व्हिडिओ आणि ४ गिगची छोटी छोटी पॅकेटं या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, ग्राफवर मात्र सारख्याच दिसतात. मालकाला ग्राफ दिसतो, पॅकेटं दिसत नाहीत.

एक केस सांगते, ऑपरेटरचं नाव गाव सांगत नाही. संध्याकाळी फोन आला, "मॅडम, गिऱ्हाईकं जीव खायला लागलीत, व्हिडिओ कॉल तुटतायत, पेज उघडायला टाइम लागतोय, पण स्पीडटेस्ट लावली की फुल्ल येतंय, आणि अपलिंक बघा की, साडेचार गिगच्या वर गेलीच नाही." मी म्हटलं दादा, सीपीयू किती आहे, तर म्हणाले सीपीयू तर झोपलाय, सहा-सात टक्के. इथेच बहुतेक जण फसतात. सोळा कोअरचं, म्हणजे प्रोसेसरमध्ये वेगवेगळं काम करणारे सोळा भाग असलेलं, मशीन होतं, सोळातला एकच कोअर शंभर टक्के जळत असेल आणि बाकीचे पंधरा मोकळे असतील तर सरासरी सहाच टक्के येणार. त्यांना म्हटलं टॉप ही सीपीयूचा भार दाखवणारी कमांड लावा आणि कीबोर्डवर १ दाबा, म्हणजे प्रत्येक कोअरची वेगळी ओळ दिसते. दाबलं, आणि कोअर शून्यच्या ओळीत एसआय, म्हणजे सॉफ्टआयआरक्यू, आलेली पॅकेटं हाताळण्यात जाणारा वेळ, शंभरला चिकटलेला, आयडल शून्य. खालच्या यादीत तेच काम करणारं केसॉफ्टआयआरक्यूडी-शून्य सगळ्यात वर.

हे का होतं ते समजून घ्यायला हवं. कार्डावर पॅकेट आलं की कार्ड ते सीपीयूला न विचारता थेट रॅममधल्या एका गोल यादीत टाकतं, तिला रिंग म्हणतात, तिच्यात ठराविक जागा असतात, बऱ्याच इंटेल कार्डांना सुरुवातीला ५१२ आणि जास्तीत जास्त ४०९६. मग कार्ड इंटरप्ट मारतं, म्हणजे सीपीयूला हाक देतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) तो इंटरप्ट बंद करून रिंगमधली पॅकेटं गठ्ठ्याने उचलायला लागतो, याला नॅपी म्हणतात, २००१ च्या आसपास हे आलं, त्याआधी एकेका पॅकेटला एकेक इंटरप्ट यायचा आणि भार वाढला की मशीन इंटरप्ट झेलण्यातच संपून जायचं. उचलणारा कोअर मागे पडला की रिंग भरते, रिंग भरली की कार्डाला टाकायला जागा राहत नाही, आणि पॅकेट तिथल्या तिथे फेकलं जातं. कर्नलला ते पॅकेट आलं होतं हेसुद्धा कळत नाही. लॉगमध्ये काही नाही, आयपीटेबल्समध्ये (फायरवॉलचे नियम) काही नाही, टीसीपीडंपमध्ये (पॅकेटं पकडून दाखवणारा प्रोग्राम) पण नाही कारण टीसीपीडंप कर्नलच्या आत बसलेला असतो. दिसतं ते फक्त कार्डाच्या स्वतःच्या काउंटरमध्ये, म्हणजे इथटूलला (कार्डाची माहिती देणारी कमांड) कॅपिटल एस देऊन जी लांबलचक यादी येते तिच्यात, मिस्ड नाहीतर नो डीएमए रिसोर्सेस असल्या नावाने. त्या बॉक्सवर गिऱ्हाईकांच्या बाजूच्या पोर्टवर हे आकडे डोळ्यासमोर पळत होते आणि अपलिंकच्या पोर्टवर शून्य.

मग प्रश्न, सोळा कोअर असताना एकाच कोअरवर का. आजकालच्या कार्डाला एक नाही, अनेक रिंग असतात, प्रत्येक रिंगचा इंटरप्ट वेगळ्या कोअरला देता येतो, आणि कोणतं पॅकेट कुठल्या रिंगमध्ये हे कार्ड पॅकेटमधले आयपी आणि पोर्ट नंबर बघून हॅश, म्हणजे त्यावरून निघणारा एक आकडा, काढून ठरवतं, म्हणजे एका कनेक्शनची सगळी पॅकेटं एकाच रिंगमध्ये, एकाच क्रमाने. याला आरएसएस म्हणतात. अडचण अशी की गिऱ्हाईकाकडून येणारं पॅकेट पीपीपीओईच्या आवरणात असतं, आठ बाइटचं आवरण (म्हणून तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १५०० चा १४९२ होतो), आणि बऱ्याच कार्डांना त्या आवरणाच्या आतलं आयपी दिसतच नाही. आयपी दिसत नाही तर हॅश काय काढणार, सगळं जातं रिंग शून्यमध्ये. अपलिंकच्या बाजूला आवरण नसतं, साधा आयपी असतो, तिथे छान वाटणी होते. म्हणजे डाऊनलोड सोळा कोअरवर आणि सगळ्या गावाचा अपलोड एका कोअरवर, आणि तोच कोअर आवरण काढणार, नॅट करणार, आयपीटेबल्सचे कोणीतरी कधीतरी टाकलेले दोन-तीनशे नियम एकामागून एक वाचणार, आणि पॅकेट पुढे पाठवणार.

तुम्ही म्हणाल मॅच बघायला अपलोड कशाला लागतो. लागतो की. डाऊनलोडच्या दर दोन-एक पॅकेटमागे एक पोच परत जाते, साडेचार गिग डाऊनलोड म्हणजे पावणेचार लाख पॅकेट सेकंदाला, त्याच्या निम्म्या म्हणजे दोन लाखाच्या आसपास नुसत्या पोचा, वर व्हिडिओ कॉल, कॅमेऱ्यांचं क्लाऊडला जाणारं फुटेज, गेम. ग्राफवर हे काही शे मेगाबिट दिसतं म्हणून कोणी बघत नाही. आणि पोच हरवली तर एकवेळ चालतं, पुढची पोच मागचीपण सांगते, पण डीएनएसची (साईटच्या नावाचा आयपी पत्ता कोणता ही) विचारणा हरवली तर फोन काही सेकंद नुसता बसून राहतो, नवीन कनेक्शनचं पहिलंच पॅकेट हरवलं तर टीसीपी (हरवलेलं पॅकेट परत पाठवणारी पद्धत) १ सेकंद थांबून परत पाठवतो, मग २ सेकंद, मग ४. म्हणूनच स्पीडटेस्ट फुल्ल, एकदा डाऊनलोड सुरू झालं की पळतंय, पण पेज उघडायला वेळ आणि कॉलमध्ये आवाज कापला जातोय. स्पीडटेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडतो त्यामुळे त्याला हे फार जाणवत नाही.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे ऑपरेटर खरं बोलत असतो. गिऱ्हाईकाने तक्रार केली की तो बॉक्सवर बसतो आणि तिथून पिंग, म्हणजे उत्तर येतं का बघायचं छोटं पॅकेट, मारतो, एकही लॉस नाही, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो, "आमच्याकडून ओके आहे, तुमचा वायफाय बघा." बॉक्सवरून मारलेल्या पिंगचं उत्तर अपलिंकच्या पोर्टवर येतं, ज्या पोर्टवर काही पडतच नाहीये. पिंग मारायचा असेल तर ओएलटीच्या खालून, गिऱ्हाईकासारखं डायल करून मारायला हवा. एवढी एक सवय लागली तरी निम्मी भांडणं मिटतील असं माझं मत आहे.

उपाय फार मोठा नव्हता. लिनक्समध्ये २०१० पासून आरपीएस म्हणून सोय आहे, गूगलच्या लोकांनी दिलेली, कार्डाला जमत नसेल तर वाटणी कर्नल स्वतः करतो, आणि कर्नलला पीपीपीओईच्या आतलं आयपी दिसतं. रिंग शून्यच्या आरपीएस सीपीयूज नावाच्या फाईलमध्ये कोणते कोअर वापरायचे त्याचा आकडा लिहायचा, सोळा कोअर असतील आणि शून्य नंबरचा सोडायचा असेल तर एफएफएफई. शून्य सोडायचा कारण तो आधीच इंटरप्ट घेतोय, त्याला उचलून वाटण्याचं काम पुष्कळ आहे. लिहिलं, एंटर मारलं, टॉपमध्ये बाकीचे कोअर हलायला लागले आणि मिस्डचा आकडा जागेवर थांबला. सर्व्हर रीस्टार्ट नाही, खर्च नाही. मात्र एक सांगून ठेवते, आरपीएस चालू केलं की दुसरी एक रांग मध्ये येते, प्रत्येक कोअरची बॅकलॉग रांग, तिची मर्यादा नेहमी १००० असते, तीपण भरू शकते. ती भरते की नाही ते प्रॉक-नेटमधल्या सॉफ्टनेट-स्टॅट फाईलमध्ये दिसतं, एका कोअरला एक ओळ, आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत), पहिला रकाना किती पॅकेटं हाताळली, दुसरा किती टाकली, तिसरा किती वेळा काम शिल्लक असताना वेळ संपला म्हणून सोडावं लागलं. दुसरा वाढत असेल तर नेटडेव्ह मॅक्स बॅकलॉग वाढवा. तिसरा वाढतोय म्हणजे पॅकेट पडलं असं नाही, तो फक्त इशारा आहे की एका फेरीत ३०० पॅकेटांचं जे बजेट दिलंय ते पुरत नाहीये. काही नव्या कार्डांना पीपीपीओई ओळखायचं प्रोफाइल वेगळं भरता येतं, मग आरपीएसची गरजच पडत नाही, पण गावाकडे जे कार्ड मिळतं ते मिळतं.

या बॅकलॉगवरूनच मला नेटवर फिरणाऱ्या त्या याद्यांचा राग येतो. "हाय स्पीड नेटवर्कसाठी या वीस ओळी सिस्सीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) टाका" असल्या याद्या, कोणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिलेल्या, सगळे कॉपी करतात. त्यात बॅकलॉग अडीच लाख करा असतं, आणि आरपीएस चालू नसेल तर साध्या कार्डाच्या वाटेत ती रांग येतच नाही, मग वाढवून काय उपयोग. त्यात टीसीपीचे बफर प्रचंड मोठे करा असतं, पण हा बॉक्स पॅकेट फक्त पुढे सरकवतो, त्याच्यावर कोणाचं टीसीपी संपतच नाही, गिऱ्हाईकाचं टीसीपी त्याच्या मोबाईलमध्ये आणि तिकडच्या सर्व्हरमध्ये आहे, मधल्या बॉक्सच्या टीसीपी मेमरीला कोण विचारतंय. वीस ओळी टाकून काही फरक पडला नाही की मग म्हणायचं लिनक्सला झेपत नाही.

रिंग ५१२ ची ४०९६ करणं हा त्यातल्या त्यात बरा सल्ला आहे पण तोही कुठे लागू ते कळायला हवं. १० गिगने मोठी पॅकेटं एकदम आली तर ५१२ ची रिंग ०.६३ मिलिसेकंदात भरते, ४०९६ ची ५ मिलिसेकंदात. म्हणजे कोअर मिलिसेकंदभर दुसरीकडे अडकला तर मोठी रिंग वाचवते. पण कोअरला मुळातच झेपत नसेल तर मोरी तुंबलेली असताना मोठी बादली आणल्यासारखं आहे, पाच मिलिसेकंद उशिरा भरेल आणि भरेलच, वर प्रत्येक पॅकेट रांगेत जास्त वेळ बसल्यामुळे पिंग वाढणार ते वेगळंच. आणि हो, रिंग बदलताना बऱ्याच कार्डांची लिंक क्षणभर पडते, तेव्हा हे काम मॅचच्या मध्ये करू नका, पहाटे करा.

मॅचचं वेगळेपण कुठे आहे तर या झटक्यांत. लाइव्ह व्हिडिओ सलग वाहत नाही, काही सेकंदांचा एक तुकडा तयार होतो आणि बघणाऱ्या सगळ्यांचे फोन तो जवळपास एकाच वेळी मागतात, आणि देणारा सर्व्हर तो जेवढ्या वेगाने देता येईल तेवढ्या वेगाने देतो. म्हणजे दर काही सेकंदांनी काही मिलिसेकंद लाईन पूर्ण भरते आणि मग शांत. ऑपरेटरच्या ग्राफमध्ये पाच मिनिटांची सरासरी असते, त्यात ४५ टक्के दिसतं. त्या ४५ टक्क्यांच्या पोटात शंभर टक्क्यांचे कितीतरी क्षण दडलेले असतात. यात अजून एक गोष्ट भर घालते. यूट्यूबसारख्या साईटी आता क्विक वापरतात, ते टीसीपी नाही यूडीपी आहे (पॅकेट पाठवायची दुसरी पद्धत), आणि काही कार्डं यूडीपीची हॅश काढताना फक्त आयपी बघतात, पोर्ट बघतच नाहीत. नॅट केल्यावर आपल्याकडे पब्लिक आयपी मोजके, तिकडे कॅशे सर्व्हरचे आयपी मोजके, मग हजारो लोकांचा यूडीपी दोन-तीन रिंगमध्येच गोळा होतो. अपलिंकच्या बाजूला सुद्धा दोन कोअर लाल आणि बाकी हिरवे दिसले तर हे बघा, इथटूलला स्मॉल एन देऊन आरएक्स-फ्लो-हॅश यूडीपी४ विचारलं की हॅशमध्ये काय काय धरलंय ते सांगतो, पोर्ट नसतील तर कॅपिटल एनने एसडीएफएन (दोन्हीकडचे आयपी आणि पोर्ट) करून टाकायचे.

दुसरा एक प्रकार पूर्ण वेगळा दिसतो, आणि त्याला ओळखायची खूण सांगते. चालू असलेला कॉल चालू राहतो, चालू मॅच चालू राहते, पण नवीन काही उघडत नाही. ही कोअरची भानगड नाही, ही कॉनट्रॅकची, म्हणजे कनेक्शनच्या नोंदवहीची. नॅट करायचं तर प्रत्येक कनेक्शनची नोंद टेबलमध्ये ठेवावी लागते आणि त्या टेबलाला मर्यादा असते, चांगली रॅम असलेल्या मशीनवर नेहमी २,६२,१४४ नोंदी. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण दोन हजार घरं धरा, घरात तीन-चार मोबाईल, टीव्ही, एका घराची दीडशे कनेक्शन सहज, झाले तीन लाख. टेबल भरलं की जुन्या कनेक्शनची पॅकेटं जातात, नव्याचं पहिलंच पॅकेट टाकलं जातं. आणि टीसीपीची चालू नोंद काही हालचाल नसली तरी काढून टाकायची मुदत मुळात ४,३२,००० सेकंद असते, म्हणजे ५ दिवस! मोबाईल घराबाहेर गेला, कनेक्शन मेलं, नोंद मात्र शुक्रवारपर्यंत बसून. बरं, इथे कर्नल निदान बोलतो तरी, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, स्पष्ट येतं की टेबल फुल्ल आहे आणि पॅकेट टाकतोय, फक्त डीमेसेज बघणारं कोणी नसतं. मर्यादा वाढवा, तिच्या जोडीने हॅशचे बकेटही वाढवा नाहीतर एकेका खान्यात लांब साखळी होऊन सीपीयू खाईल, आणि ती पाच दिवसांची मुदत काही तासांवर आणा.

उलट बाजूने, नको तिथे घाबरणारेही असतात. आयपी डॅश एस लिंक ही कमांड मारली की ड्रॉप्ड नावाचा एक रकाना दिसतो आणि तो हळूहळू वाढत असतो, लोक त्याचा फोटो काढून पाठवतात. २०११ पासूनच्या कर्नलमध्ये त्यात अशी पॅकेटंही मोजली जातात जी मशीनला समजतच नाहीत, उदाहरणार्थ स्विच दर ३० सेकंदांनी एलएलडीपी पाठवतो आणि ते ऐकणारं इथे कोणी नसतं, म्हणून टाकलं, आकडा एकने वाढला. याची खात्री करायची युक्ती मजेशीर आहे, त्या पोर्टवर टीसीपीडंप लावा, आकडा वाढायचा थांबतो! कारण आता टीसीपीडंप सगळंच ऐकतोय, म्हणजे पॅकेट कोणीतरी घेतलं. आणि टीसीपीडंप बंद करताना शेवटी "कर्नलने टाकलेली पॅकेटं" असा आकडा येतो तो त्याच्या स्वतःच्या बफरमधला असतो, गिऱ्हाईकाच्या पॅकेटशी त्याचा संबंध नाही. मशीनवर ५.१७ किंवा त्यानंतरचा कर्नल असेल तर अजून सोपं, २०२२ पासून कर्नल पॅकेट टाकताना कारणसुद्धा सोबत देतो, ड्रॉपवॉच नाहीतर पर्फ लावून वाचता येतं. तरी लक्षात ठेवा, कार्डाने दारातच फेकलेलं पॅकेट यातही दिसणार नाही.

बाकीच्या गोष्टी पटकन. सीआरसीचे एरर, म्हणजे वाटेत खराब झालेली पॅकेटं, वाढत असतील तर हे वरचं काही करू नका, पॅच कॉर्ड पुसा, एसएफपी (फायबर खोचायचं मॉड्यूल) बदला. दोन पोर्टचं १० गिगचं कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये बसवलेलं असतं, स्लॉट लांब दिसतो पण आतून चारच लेनचा, दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर (कार्डाच्या स्लॉटचा प्रकार) चार लेन म्हणजे कागदावर १६ गिग, दोन पोर्ट भरायला लागले की संपलं. पॉवर सेव्हिंग चालू असेल तर बंद करा. पॉज फ्रेम चालू असतील तर तुमच्या कार्डाचा आकडा शून्य दिसेल कारण कार्ड स्विचला थांब म्हणतंय आणि पॅकेट तिकडे स्विचमध्ये पडतायत. इंटरप्ट कुठल्या कोअरवर जातायत ते प्रॉक-इंटरप्ट्समध्ये बघा.

आता कोणी म्हणेल शंभरात एखादं पॅकेट पडलं तर काय बिघडलं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांतसुद्धा पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत हवा एवढंच होतं. पण १९९७ पासून मॅथिसचं एक सूत्र आहे, साध्या टीसीपीचा वेग लॉसच्या वर्गमुळाच्या उलट्या प्रमाणात पडतो. त्यात जाऊन-येऊन १० मिलिसेकंदांचं अंतर आणि १ टक्का लॉस घातला तर एका कनेक्शनला १४ मेगाबिटच्या आसपास मिळतात, आणि ३० मिलिसेकंदांचं अंतर असेल तर पाचसुद्धा नाहीत. गिऱ्हाईकाने पैसे शंभर मेगाबिटचे दिलेत. आजकालचे टीसीपी याहून बरे वागतात, तरी एक टक्का म्हणजे थोडा नाही हे कळावं म्हणून सांगितलं. अजून एक अपलिंक घेऊन हा एक टक्का कमी होत नाही कारण तो अपलिंकवर नाहीच.

म्हणून तुमच्या बातमीदाराला एक विनंती, पुढच्या वेळी ऑपरेटरकडे गेल्यावर अपलिंकचा ग्राफ जसा मागता तसं त्याला टॉपमध्ये १ दाबून दाखवायला सांगा, इथटूलचे मिस्डचे आकडे मॅचच्या आधी आणि नंतर असे दोनदा घ्या, आणि कॉनट्रॅकचा चालू आकडा आणि मर्यादा विचारा. तीनही ठीक असतील आणि अपलिंक खरंच भरलेली असेल तर खुशाल छापा की बँडविड्थ कमी घेतलीय, मी स्वतः कात्रण पाठवीन ऑपरेटरला. वाचकांनाही एक सांगा, तक्रार करताना नुसतं "नेट स्लो" लिहू नका, वायफाय सोडून केबलने लॅपटॉप जोडा, अडकत असताना विनएमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरचा लॉस दाखवणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालवा आणि त्याचा फोटो वेळ लिहून पाठवा. त्यात मधल्याच एखाद्या ओळीत लॉस दिसला आणि पुढे नाही तर तो लॉस नाही, तो राऊटर पिंगला उत्तर द्यायचा कंटाळा करतोय. लॉस एका ओळीपासून सुरू होऊन शेवटपर्यंत राहिला तर तो खरा, आणि तो दुसऱ्याच ओळीपासून असेल तर ऑपरेटरच्या खोलीतच बघायचं.

छापणार असाल तर एका बॉक्सचे मॅचच्या आधीचे आणि नंतरचे आकडे, नाव झाकून, पाठवू शकते, तसं कळवा.

आपली,
एक नेटवर्कवाली वाचक
जि. सांगली